गळलेलं अक्षर

न्यायाधीशबाईंनी विचारलं, "ही सही ओळखता?"
सही कोण बघतंय.
मी अक्षरं बघत होते:
'ए' जरासा वर उडालेला, 'आर'चा पाय झिजलेला.
माझंच यंत्र ते.
उपप्रांत कचेरी, दुसरा मजला,
खाली बंद बेकरी, पलीकडे लुआर नदी,
आणि मी, मादमुआझेल केर्व्हेला, वय एकोणीस,
मिनिटाला साठ शब्द.

मस्यू व्हेर्देलँ तेव्हा तेहतिशीचे.
कधी आवाज चढला नाही त्यांचा.
दार स्वतः उघडून धरायचे,
जर्मन साहेबासाठीही, माझ्यासाठीही.
हिरव्या शाईचं पेन खिशात.
म्हणायचे, काळ्या शाईत कागद रागावल्यासारखा दिसतो.

आता सत्त्याऐंशी.
मधल्या काळात त्यांनी तीन पूल बांधले,
दोन पदकं घेतली, एका शाळेला त्यांचं नाव आहे.
कानात यंत्र, शेजारी डॉक्टर,
समोर पाण्याचा पेला, त्यावर झाकण.
"याद्या वरून यायच्या," ते सांगतात,
"मी वाचत नसे. सही करणं एवढंच माझं काम.
दिवसाला दोनशे कागद, महोदया.
कोळसा, सायकली, माणसं."

खरं आहे. दोनशे असायचेच.

चव्वेचाळीसच्या ऑगस्टात मागच्या अंगणात
फायली जाळल्या, तीन दिवस.
माझ्या केसांना वास होता.
ही एक वाचली, कारण ती बटाट्यांच्या फाइलीत होती.
कागदाचा तुटवडा; चुकलेली प्रत कोणी फेकत नसे.
पाठकोऱ्या बाजूवर मीच नंतर टाइप केलं होतं:
खानावळीसाठी बटाटे, नव्वद किलो.
पन्नास वर्षं ते बटाटे तळघरात पडून राहिले.
मग नदीला पूर आला,
ओले कागद दोरीवर वाळत घातले गेले,
आणि कुणा पोरसवदा कारकुनाने
एक कागद उलटा करून पाहिला.

बावन्न नावं.
एकतिसावं: गितला श्मुलेविच, वय सहा.
माझ्या बोटातून त्यातला 'झेड' निसटला होता.
त्या फटीत हिरव्या शाईची बारीक खूण,
वर नीट काढलेला 'झेड',
आणि समासात त्यांचं ते देखणं हस्ताक्षर:
*नाव अचूक लिहावे. पुन्हा टाइप करा.*

ते बोललेही होते, आठवतं मला,
यंत्राशेजारी कागद ठेवताना, अगदी मायेने:
"शेवटी माणसाचं नाव आहे, मादमुआझेल."

सरकारी वकिलाने कागद काचेखाली धरला.
"न वाचणाऱ्या माणसाला
एकतिसाव्या ओळीतलं गळलेलं अक्षर
दिसलं कसं?"
मस्यू व्हेर्देलँनी कानातलं यंत्र चाचपलं.
झाकण उचललं. पाणी प्यायले.
झाकण परत ठेवलं, अगदी मधोमध.

सात वर्षं सुनावली. किती भोगतील कोण जाणे.
त्या शाळेची पाटी उतरवायला
शिडी आखूड पडली म्हणे. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले.

मला फार विचारलं नाही.
"टाइप कोणी केलं?" "मी."
"आभारी आहोत, मादाम. बसा."
बाहेर एका बाईने माझा हात हातात घेतला,
म्हणाली, "तुमच्या चुकीमुळे न्याय झाला."
गितलाची भाची असावी, किंवा कोणीच नसेल.
तिला वाटलं असावं, मी मुद्दाम अक्षर गाळलं.
तसं म्हणायला काय जात होतं?
चौऱ्याहत्तर वर्षांच्या म्हातारीला कोण खोटं पाडतंय?

पण त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं, इतकंच.
मोज्याला भोक पडलं होतं,
दुसरे मिळत नव्हते, मी त्या विचारात.
बोट घसरलं.

मग मी नवा कागद चढवला,
पाठ ताठ केली,
बावन्न नावं पहिल्यापासून टाइप केली.
सहा वाजायच्या आत.

दुसऱ्या खेपेला
एकही चूक झाली नाही.