फुटाला एक सूत

अप्पांची पट्टी खोटी होती.
बारा इंचांत एक सूत जास्त.
मी ती शाळेत नेली,
मेणसे बाईंनी माझा त्रिकोण तीनदा खोडला.
अप्पा म्हणाले, बाईंचा त्रिकोण कागदाचा,
आपला बिडाचा की गे.
बीड गार होताना आटतं.
आधीच जास्त धरायचं असतं.

उद्यमबागेच्या मागच्या शेडमध्ये
अडुसष्टचा अख्खा पावसाळा
गियरबॉक्सच्या लाकडी साच्यात गेला.
सागवान, कोपऱ्यांत मेण,
आणि दस्तगीर मुठीत वाळू दाबून बघायचा,
भाकरीचं पीठ बघावं तशी.

पहिला ट्रॅक्टर जमिनीवर राहिनाच.
क्लच सोडला की पुढची चाकं हवेत.
मडिवाळप्पांनी नाकाला वजनं बांधली,
स्वतःच्या तराजूची, वीस-वीस किलोची.
त्या दिवशी त्यांनी गूळ विकला नाही.

दुसऱ्याला रिव्हर्सच नव्हता.
यळ्ळूरच्या बांधाला अडला,
सहा जणांनी उचलून फिरवला.
किती हलका बघा, असं अप्पा
पुढे वर्षभर सांगत राहिले.

तिसऱ्याच्या वेळी कडोलीत, रताळ्यांच्या वाफ्यात,
दोन चाकांत अंतर किती
यावर मराठीत भांडण झालं, मग कन्नडात,
मग दोन्हींत, कारण शिव्या अपुऱ्या पडल्या.
गंगव्वा लुगडं खोचून वरंब्याच्या दोन बाजूंना
दोन पाय रोवून उभी राहिली.
इष्टु साकु, म्हणाली.
तेवढंच पुरलं.
अप्पांनी पट्टी काढून
तिच्या टाचांमधलं अंतर मापलं,
डोळे खाली ठेवून.

नाव मात्र ठरलं नाही.
काय ठेवायचं ते ठरलं असतं,
कुठल्या लिपीत, ते नाही.
जाळीवर नावासाठी एक पट्टा ओतला आहे,
चार बोल्टांचा.
अजून कोरा.

सतरा निघाले एकूण.
अठराव्याची धुरी बरीच वर्षं
आमच्या मागच्या दाराची पायरी होती.

आता दस्तगीरचा नातू सोहेल
एक उघडून बसलाय, चिखलीकडून भंगारात आणलेला.
गंजलेला बोल्ट रॉकेलमध्ये भिजवतो,
मोबाईलच्या उजेडात घरात डोकावतो.
एक दात तुटलाय, नवं गियर ओतायचंय.
ताई, ड्रॉइंग कुठाय?

ड्रॉइंग नव्हतंच कधी.
मी कपाटातून पट्टी आणून देते.
तो स्वतःच्या स्टीलच्या पट्टीला ती लावून बघतो,
पुन्हा लावतो.

ही चुकीची आहे, ताई.

हो रे.
ओत. गार झालं की बघ.