वाघबीळच्या अलीकडं

उद्यमनगरात दुपारी लेथ थांबतात,
कामगार डबे उघडतात,
तेव्हा दस्तगीर मिस्त्री गाड्या ऐकतो.
तोवर नुसता बघतो.

माझी मॅटॅडोर, एकोणनव्वदची.
आधी डेअरीचं दूध वाहायची.
आता आत एक बाकडं, एक वातीविना स्टोव्ह,
खिडक्यांना मी शिवलेले पडदे.
इंजिन तापलं की अजून
साय करपल्याचा वास येतो,
निदान मला.

"कवा दम लागतोय हिला?"
केर्लीपर्यंत गुणाची.
मग ओढ कमी कमी,
वाघबीळच्या अलीकडं पार मरते.
चहापुरतं थांबलं
की काही झालंच नाही अशी निघते.
"कवापासनं?"
दसऱ्यापासून.
"दसऱ्याला काय केलतं?"
पूजा. हार, लिंबू. दुसरं काय करणार?
"धूर?"
काळा नाही. पांढराही नाही.
"म्हंजे पचतंय. खायला कमी पडतंय."

शेजारचा टर्नर म्हणाला, रिंगा गेल्यात, इंजिन उतरवा.
माझा भाऊ फोनवर म्हणाला, भंगारात घाल.
मिस्त्रीनं लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनला टेकवला,
मूठ कानाशी धरली, डोळे मिटले.
मग एकेका नळीचा नट सैल केला.
सैल केला की आवाज लंगडायचा,
आवळला की सावरायचा.
चारदा.
"चौघंबी राबत्यात. आळशी कोण न्हाई."

फिल्टर बदलला. पंप खोलून पुसला.
बुडबुडे संपेतो हवा काढली.
तीन दिवस, सातशे ऐंशी रुपये,
आणि वाघबीळच्या अलीकडं
तेच.

चौथ्या दिवशी तो शेजारी बसून आला.
गाडी मेली. मी बॉनेटकडे धावले.
तो मागं गेला, डिझेलच्या टाकीशी,
आणि टोपण फिरवलं.

टाकीनं श्वास घेतला.
विहिरीत बुडी मारलेलं पोर
वर येऊन घेतं, तसा,
लांब, आवाजासकट.

टोपण त्यानं माझ्या तळहातावर ठेवलं.
हिरवंगार. माझाच ऑइलपेंट,
दसऱ्याच्या आदल्या रविवारी, दोन हात,
कोपरा न कोपरा, टोपणसुद्धा न सोडता.
मधोमध एक भोक होतं म्हणे, सुईच्या अग्राएवढं,
डिझेल जाईल तेवढी हवा आत यायला.

"पिन हाय?"
बांगडीतली काढून दिली.
त्यानं टोचलं, फुंकलं, उजेडाला धरून बघितलं.
पैसे किती?
"कशाचं? रंग तुमचा, पिन तुमची."
आणि हात करून खाली जाणारी एसटी थांबवली.

तिसऱ्या गिअरवर वाघबीळ मागं गेलं.
वर तटाजवळ गाडी लावली, स्टोव्ह पेटवला.
फरफरला. ज्योत पिवळी, भांड्याला काजळी.
पिन बांगडीतच होती, टोकाला हिरवं.
काढण्याआधी
मी जरा वेळ कान दिला.