रकाना

बुधवारची टास्क फोर्सची बैठक,
टोलीडोच्या वाचनालयातलं तळघर.
नकाशावर लाल टाचण्या.
डोर स्ट्रीटला आता नवी टोचायला जागा नाही.

आकडे वाचून होईतो
ऑर्विल टिबेट्स आला,
डोळे तांबारलेले, बुटांना बर्फ.
"काल रात्री काय केलं?"
"डॉमिनो खेळलो. मार्केलशी. पहाटे पाचपर्यंत.
भाऊ त्याचा आयसीयूत,
पिस्तूल सोफ्याच्या उशीखाली.
मुद्दाम हरत होतो मी,
जिंकणारा उठत नाही."

कुणी हसलं नाही.
गॅडिसबाई तक्ता चाळत राहिल्या:
झाडलेल्या गोळ्या. जखमी. मयत.
न झाडलेलीला रकानाच नव्हता.

मग समासात पेन्सिलीनं लिहिलं:
डॉमिनो, नवा डबा, एक.
जुन्यातली दुहेरी सहाची सोंगटी
मार्केलनं खिशात घातली,
परत दिलेली नाही.