नववा आकडा

तळाशीलला जमीन म्हणजे एक पट्टी,
इकडे समुद्र, तिकडे खाडी,
मध्ये आम्ही, माड आणि होड्या.

नव्या होडीला नाव ठेवायचं होतं.
देवाचं, आईचं, कुणाचंही चाललं असतं.
रसिका म्हणाली, आकडा लिही.
मी म्हटलं, सरकारी नंबर असतोच की.
"तो त्यांचो. ह्यो आपलो."
आणि कॉलेजच्या वहीमागे लिहून दिलं
७३९३९१३३.

सात कोटी एकोणचाळीस लाख
एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस.
"बाबा, ह्येचे वाटे पडनत नाय."

मी तांडेल. जन्म वाटे घालण्यात गेला:
होडीचा, जाळ्याचा, खलाशांचे चार,
उरलेली मांदेली मांजराला.
वाटेच पडत नाहीत असं काही
माझ्या पाटीत कधी आलं नव्हतं.

म्हणून बंदीच्या दिवसांत पडवीत बसलो,
जाळ्याची सुई कानावर ठेवून.
तीनने नाही, अंकांची बेरीज अडतीस.
सातने दोन उरतात. तेराने आठ.
सतराने तेरा उरले
तेव्हा बायको म्हणाली, भात निवला.
आठ हजार पाचशे अठ्ठ्याण्णवच्या पुढे
जायची गरज नाही, असं रसिकाने सांगितलेलं,
तरी हजारावर भाग होतात.
नारळी पुनवेपर्यंत चारशे झाले.
दर वेळी काहीतरी उरलंच.
बाकीचे पोरीच्या शब्दावर सोडले.

होडी ओढून ठेवतो ती नाळ वर,
सुकाणू पाण्याकडे.
दोन वर्षांत खारं पाणी शेवटचा तीन खाऊन गेलं.
मी ब्रश घेऊन निघालो, तिने हात धरला.
७३९३९१३.
"ह्येचेय पडनत नाय. रवांदे."
मग दुसरा तीन गेला, मग एक,
आणि जे मागे राहिलं
ते दर वेळी तसंच, अखंड.

एकदा मी म्हटलं, पाणी मागूनच खातंय
तर मागे अजून एक आकडा रंगवू, खायला.
ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, सगळे लावून बघितले.
एक लावला, सात लावला की तीनने भाग जातो.
तीन, नऊ लावले तरी कुणीतरी मोठा भागीदार निघतोच.
नवव्याला जागा नाही.
मी बंधाऱ्याच्या दगडांकडे बघितलं.
त्यांच्या पलीकडे सुरूच्या तीन रांगा होत्या,
टिकमांची विहीर होती.

आता ती कोल्हापुरात शिकवते.
रविवारी फोन येतो. आधी आईचे गुडघे,
मग बांगड्याचा भाव, मग
"काय उरलां?"

आज पहाटे विजेरी घेऊन गेलो.
सात, तीन, नऊ नीट आहेत.
पुढच्या तीनची फक्त वरची कमान,
बोट फिरवलं तर लागते, नाहीतर नाही.
विचारलं तिला, काय धरू?
सात हजार तीनशे त्र्याण्णव
की सातशे एकोणचाळीस?

पलीकडे पोरं पाढे म्हणत होती कुठेतरी.
"खयचांय धर," ती म्हणाली.