चेरस्त्वी

ओल्झा काही फार मोठी नदी नव्हे.
उन्हाळ्यात पोरं पँट गुडघ्यापर्यंत दुमडून
एका देशातून दुसऱ्या देशात जातात
आणि विसरलेल्या चपलांसाठी परत येतात.

पुलाच्या पूर्वेला ब्रोनिस्वावाची बेकरी.
ती मूळची इथली नव्हे, लांब उत्तरेकडची पोलिश;
मावशी वारली, भट्टी गळ्यात पडली.
पश्चिमेला ओल्डरिख, चेक रेल्वेतला सिग्नलवाला,
तोही पिल्झेनहून बदली होऊन आलेला.
इथल्या जुन्या माणसांना दोन्ही काठ तोंडपाठ.
ह्या दोघांना एकेकच येत होता,
आपापला.

पहिल्या दिवशी तो म्हणाला, एक पाव द्या,
चेरस्त्वी.
त्याच्या भाषेत: ताजा.
तिच्या भाषेत: शिळा.

तिने पाहिलं, कोटाचं एक बटण वेगळ्या रंगाचं.
गरीब असेल बिचारा. किंवा ससे पाळत असेल.
कालच्या टोपलीतला पाव काढला, निम्मेच पैसे घेतले,
आणि कागदात जरा जास्तच जपून गुंडाळला.

घरी त्याने सुरी चालवली. सुरी वाजली.
ह्यांचा ताजा जर असा,
तर पलीकडच्या लोकांचे दात पक्के असणार, त्याला वाटलं.
पण स्वस्त किती!

सात आठवडे.
रोज तो ताजा मागायचा, रोज ती शिळा द्यायची,
दोघंही शब्दाला जागलेले,
दोघांनाही एकमेकांची थोडी कीव.
पुलावरचा शिपाई पासपोर्ट उघडायचा
आणि पावावर बोटाने टकटक करून बघायचा.

मी हे ज्या भाषेत लिहिते आहे
तिच्यातही शिळा दोनदा जन्मला आहे:
एक, थंड होत होत ताटात उरलेला;
एक, डोंगरातून फोडून आणलेला.
सात पिढ्यांत सोयरीक नाही,
पण हाक मारली की दोघंही वळून बघतात.
नदीकाठच्या ह्या शब्दाचं उलटं.
तिथे बाप एकच.
फार पूर्वी, पाण्याला सीमा चिकटायच्या आधी,
त्याचा अर्थ होता नुसता टणक.
एका काठाने त्यातला दम ठेवून घेतला,
दुसऱ्याने वरचं कवच.

शेवटी एका शनिवारी तिने विचारलंच:
किती ससे आहेत तुमच्याकडे?
ससा दोन्ही काठांवर जवळजवळ सारखाच,
क्रूलिक, क्रालिक;
सरळ प्राणी, अर्थ बदलून पळत नाही.
कसले ससे? ओल्डरिख म्हणाला.

मग ती पिठाच्या पोत्यावर बसली
आणि पोटाला हात लावून हसली.
भट्टीतला पहिला पाव त्याच्या हातावर ठेवला.
त्याची बोटं भाजली. त्याने पाव सोडला नाही.

ह्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही.
तिने त्याला संध्याकाळी सहाला ‘स्क्लेप’मध्ये बोलावलं, म्हणजे दुकानात.
त्याच्याकडे स्क्लेप म्हणजे तळघर.
मागच्या दाराने उतरून, कॉलर इस्त्री केलेला,
तो बटाट्यांमध्ये पाऊण तास उभा राहिला.
वर ती टेबलावरचं सूप दोनदा गरम करून चिडली.
लग्नानंतरही काही भांडणं अशी झाली
की शब्दकोश मिटवून ठेवल्यावरच मिटली.

आता तो ब्याऐंशीचा आहे.
काल डॉक्टरांना ती म्हणाली, अजून चेरस्त्वी आहे.
तिच्याकडे म्हाताऱ्या माणसाला तसं म्हटलं
की त्याचा अर्थ होतो काटक, खणखणीत.
पावाला लावतात तो अर्थ वेगळा.

खाटेवरून त्याने ऐकलं.
त्याला काय ऐकू आलं कोण जाणे.
कालचा की आजचा? त्याने विचारलं,
आणि ती काही बोलायच्या आत
पावाची कड दुधात बुडवली.