खारोड्या

रविवारी पाळक सरोदे प्रीतीवर बोलले.
टिनाच्या देवळात जीव उकडत होता,
पंखा एकच, तोही पुरुषांच्या बाजूला.
मी पदरानं वारा घेत आमेन म्हटलं
आणि दोन दऱ्या पलीकडे बसलेल्या जावेकडे
बघितलं नाही.
चार वर्षं झाली, बघत नाही.

कारण सांगायची लाज वाटते.
माझ्या कृपाच्या लग्नात बुंदी कमी पडली,
शेवटच्या पंगतीला नुसतं वरण-भात.
इस्तर ते हापशीवर सांगत फिरली.
खोटं बोलली असती तर
मी कधीच विसरले असते.

भावाभावांनी घरात मधून भिंत घातली.
गच्चीवर विटा पुरल्या नाहीत,
तिथं एकच ओळ आहे, घोट्याएवढी.
अलीकडे माझं वाळवण, पलीकडे तिचं.
पहाटेच्या प्रार्थनेत मी तिचं नाव घेते,
सासूबाईंनी लावलेली सवय,
पण तापलेल्या तव्याला बोट लावावं
तसं घेते, आणि पुढच्या नावावर जाते.

मंगळवारी ती कारंज्याच्या बाजाराला गेली.
दोघींच्याही खारोड्या गच्चीवर होत्या,
दोन दिवसांचं ऊन खाल्लेल्या,
वरून कडक, पोटात अजून ओल्या.
चैतातलं आभाळ, कोणाला वाटतं?
तीन वाजता धुळीचा लोट आला,
पाठोपाठ विजेचा कडकडाट,
शेजारची कोंबडी पंख पसरून
पिल्लांवर बसली.

मी जिना चढले.
आधी माझ्या उचलल्या.
हे मी देवापुढे कबूल केलंय,
आता तुमच्यापुढे करते.
साडीची चार टोकं धरून गाठोडं खाली नेलं, नीट ठेवलं,
दारात क्षणभर उभीसुद्धा राहिले.
तो क्षण मोठा होता.
टपोरे थेंब पडायला लागले तेव्हा
मी विटांची ओळ ओलांडली.

अर्ध्याअधिक भिजल्या होत्या.
तिच्या धोतराच्या फडक्यासकट कवटाळून आणल्या,
माझ्या पलंगावर, माझ्या पंख्याखाली पसरल्या.
वीज गेली.
पुठ्ठ्यानं वारा घालत बसले,
शमू म्हणाला, आई, ह्या तर काकूच्या.
म्हटलं, चूप, दुसरा पुठ्ठा आण.

रात्री तिच्या भिजक्या वेगळ्या काढल्या
आणि तेवढ्याच माझ्या कोरड्या तिच्यात मिसळल्या.
भिजक्या पिशवीत बांधून न्हाणीमागं टाकायला ठेवल्या.
डबा शमूच्या हातून पाठवला.
वाटलं, डाव्या हाताला कळलं नाही,
उजव्यालासुद्धा कळू नये.

पण मी खारोड्यांत तीळ घालते.
ती घालत नाही.

सकाळी न्हाणीमागं पिशवी नव्हती.
मांजरानं नेली असेल म्हटलं.
दुपारी तिची धाकटी दारात उभी,
हातात माझाच डबा, गरम.
"आईनं धाडलं. म्हणे, भरल्या डब्यावर
रिकामा डबा पाठवू नोको."
आत तळलेल्या खारोड्या, वर कांदा चिरलेला.
तीळ नव्हते.

"अन् मोठी आई, आई म्हणे
तिले सांगजो, बुंदीचं म्या बोलाले नोको होतं."
एवढं एका दमात बोलून पोरगी पळाली,
वाटेत घोकत आली असणार.

आंबट होत्या.
भिजून आत फसफसलेल्या, तिखटाखाली आंबूस.
शमूनं तोंड वाकडं केलं. खाय, म्हटलं.
ह्यांनी एक खाल्ली, माझ्याकडे बघितलं,
काही न विचारता दुसरी घेतली.
भिंतीपलीकडेही कोणीतरी
कुडूम कुडूम चावत होतं.
आम्ही डबा संपवला.

तो आता घासून ओट्यावर पालथा घातलाय.
पुसते, उघडते, परत ठेवते.
घरात गूळ आहे, थोडं बेसन आहे.
रिकामा कसा पाठवू?