शून्याच्या अलीकडे

भांडी बाजारातल्या लोढाशेठना साइट हवी होती
आणि हट्ट एवढाच:
चित्रातल्या घागरीला बोट लावलं की ती वाजली पाहिजे.
गिऱ्हाईक वाजवल्याशिवाय घेतं का भांडं?

माइक घेऊन गेलो जुन्या तांबट आळीत.
घरी येऊन ऐकलं, तर एका टण्‌च्या आत
रविवार कारंजाकडे वळणारी रिक्षा,
कुणाची तरी शिंक
आणि मेथीचा भाव.
म्हटलं, जाऊ दे,
ब्राउझरमध्येच घडवू घागर, नुसत्या आकड्यांची.

चारशे चाळीसचा एक ऑसिलेटर,
त्यावर दुप्पट, त्यावर तिप्पट,
पाढ्यासारखे ओळीत.
सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार ठिपके
आणि एकालाही पोचा नाही.

पुंडलिककाकांकडे नेला लॅपटॉप.
आधी काहीच वाजेना.
"बोट लावा काका. माणसाचा हात लागल्याशिवाय
हा तोंड उघडत नाही."
"शहाणा आहे," म्हणाले,
आणि चिंचेनं काळं पडलेलं बोट टेकवलं.

पंचेचाळीस वर्षं मठारकाम करून
त्यांच्या कानांतून वरचे सूर गेलेले.
तरी मान हलवली.
"तांबं नाही हे. पितळही नाही.
घागर स्वतःशी इतकी सहमत नसते कधी."

त्या रात्री दोनाचे दोन पॉइंट शहात्तर केले,
तिनाचे पाच पॉइंट चार.
आकड्यांचं आपसात जसजसं बिनसत गेलं
तसतसं तांबं जवळ आलं.

शेवट तेवढा जमेना.
आवाज हळूहळू विझवायचा, तर तिथे शून्य लिहिता येत नाही;
लिहिलं की लाल अक्षरांत चूक.
दशांशचिन्हापुढे तीन शून्यं, मग एक,
तिथवर उतरवत न्यायचं
आणि तोडायचं.
थांबवलेला ऑसिलेटर पुन्हा उठत नाही.
दर टण्‌ला नवा घ्यावा लागतो.

काकांना सांगितलं हे.
सांडशी पुसत होते.
"भांड्याचा नाद संपत नसतो रे,
आपण पुढच्या भांड्याकडे वळतो."

साइटला चार महिने झाले.
घागर वाजली चारशे अकरा वेळा, विकल्या गेल्या तीन.
चौथी शेठनी मेहुणीला दिली, ती मी धरत नाही.

मार्गशीर्षात काकांनी भाता गुंडाळून ठेवला.

तेव्हापासून नोंदींत दिसतं:
पहाटे साडेचार, नाशिकमधूनच, एकच फोन,
एकच घागर,
लागोपाठ एकोणीस वेळा.
दोन टण्‌मधलं अंतर अर्ध्या सेकंदाला जरासं कमी,
एकदाही न ढळलेलं,
मठारताना हात पडतो तसं.

शेठना बोललो नाही मी.
एक ओळ तेवढी बदलली:
तोडण्याआधी
आणखी दोन सेकंद.